गाय गेली, मी राहिलो

मी एक जुना गालिचा आहे. धायरीतल्या एका शाळेच्या वाचनखोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, फरशीला चिकटवलेला. नवा होतो तेव्हा पाहुणे म्हणत, "वा, काय रंग आहे!" मुलं माझ्यावर लोळून गोष्टी वाचत. मीही भलताच फुशारलो होतो.

मग एसी बसला आणि खिडक्या कायमच्या बंद झाल्या. एसीचं पाणी माझ्या कोपऱ्यात ठिबकतं. मी भिजतो, कुबट होतो. ऊन कसं असतं ते विसरलोच. वास आला की शिपाई सुगंधी फवारा मारून जातात. झाली म्हणे स्वच्छता.

मित्रांनो, या ओलीत माझ्या पोटात बारीक जंतू वाढले. ते मेले तरी त्यांच्या कवचातलं विष धुळीत उरतं. डॉक्टर त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. मुलं उड्या मारतात, धूळ उडते आणि दमा असलेल्या मुलाचा श्वास अडतो.

आमच्याकडे तो मुलगा म्हणजे दुसरीतला ऋषी. पालथा पडून वाचायचा आणि वाचता वाचता त्याची छाती सूं सूं वाजायची. त्याची आई त्याच्या वर्गाच्या श्रद्धाबाईंना म्हणाली, "बाई, घरी गोठा हाय ना, त्या गाईमुळंच होतंय हे." शेवटी त्याच्या आजोबांनी, सर्जेरावांनी, काळजावर दगड ठेवून कपिला गाय लोणी काळभोरला पाहुण्यांकडे धाडली. दुसऱ्या दिवशी ऋषी माझ्यात तोंड खुपसून रडला. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, गाय नाही रे, मी! पण गालिच्याला कुठलं आलंय तोंड? गाय गेली, खोकला राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत ऋषी लोणीलाच राहिला. परत आल्यावर माझ्यावर बसून सांगू लागला, "बाई, मी सारखा कपिलापाशीच होतो. दम्याचा पंप लागलाच नाही." आणि बोलता बोलता पुन्हा खोकला. श्रद्धाबाई खाली वाकल्या. त्यांनी माझा सुटलेला कोपरा उचलला, खालची काळी ओल पाहिली आणि मुलांना घेऊन सरळ व्हरांड्यात गेल्या.

आता या खोलीला कुलूप आहे. मला उखडायला वरून मंजुरी लागते म्हणे. मी अंधारात तसाच चिकटून पडलोय. फार कोंडल्यासारखं होतं. पण परवा दाराबाहेर ऋषीनं अख्खी गोष्ट न थांबता वाचली आणि म्हणाला, "बाई, आजोबा कपिलाला आणायला गेलेत."

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखा कुणी ओलसर पडला असेल, तर त्याला उन्हात न्या, नाहीतर खुशाल टाकून द्या. मला वाईट वाटणार नाही. फक्त गाईला घालवण्याआधी एकदा पायाखाली बघा.