डाव्या बाजूचा खांब

“आम्हाला तुमच्यावर केस करावी लागणार आहे,” बेव्ह म्हणाली. कॉफीचा कप तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, प्यायली मात्र नव्हती. “वकील म्हणतो, दुसरा रस्ताच नाही.”

डेल्मर फेन्स्की स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा होता, त्याची बायको आर्डिस बेव्हसमोर बसली होती. मागच्या दाराबाहेरच्या उंच लाकडी सज्ज्यावर जायला आता फळ्या ठोकून बंदी केलेली होती. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाला तिथे बेव्हचा नवरा लेरॉय कठड्याला टेकून हसत होता, आणि हसता हसता कठड्यासकट बारा फूट खाली दगडांवर गेला होता. त्याला आता कमरेखाली काहीच कळत नव्हतं.

“मग कर की,” डेल्मर म्हणाला. “एवढं तोंड पाडून काय सांगतेस? पैसे माझ्या खिशातून थोडेच जाणारेत. कंपनी देईल.”

“लेरॉयही तेच म्हणाला. म्हणाला, डेलला आधी जाऊन सांगून ये, नाहीतर कागद घेऊन माणूस दारात उभा राहिला की म्हातारा जागच्या जागी आडवा व्हायचा.”

तिघंही हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

कंपनी देईल, याचं श्रेय आर्डिसचं. अकरा वर्षांपूर्वी मुलगी गाडी चालवायला लागली तेव्हा आर्डिसनं विमा एजंटाकडून ही जास्तीची पॉलिसी घेतली होती. घराचा विमा होता, गाडीचा होता; आपल्या हातून कुणाचं मोठं नुकसान झालं आणि त्या विम्यांची मर्यादा संपली, की वरचं भरायला ही. दहा लाख डॉलरपर्यंत. एजंट तिला छत्री म्हणाला होता. डेल्मरनं तेव्हा थट्टा केली होती : “छत्री घेतलीस तर गमबूटही घे!” घर, मागची वीस एकर झाडी आणि शाळेची पेन्शन, एवढंच तर होतं त्यांच्याकडे. त्यावर कोण कशाला डोळा ठेवील, असं त्याला वाटायचं.

विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा गावच्या शाळेत डेल्मर एकतीस वर्षं देखभालीचं काम करत होता. बॉयलर, नळ, बाकं, कुलपं, सगळं. बाकाचा पाय हलतोय असं एखाद्या मास्तरीणबाईनं सकाळी सांगितलं, तर दुपारच्या जेवणाआधी तो पाय पक्का झालेला असायचा. लेरॉय काबट सुतार. दोघं पहिलीपासून एका वर्गात, एका बोटीत.

कंपनीनं डेल्मरसाठी जो वकील दिला तो तरुण होता, नीटनेटका, आवाज मऊ.

“मिस्टर फेन्स्की, आजपासून काबट कुटुंबाशी बोलणं बंद. फोन नाही, भेट नाही. आणि सॉरी तर अजिबात म्हणायचं नाही.”

“तो माझा मित्र आहे.”

“म्हणूनच सांगतो. त्या दिवशी त्यांनी बिअर घेतली होती, हे आपण मांडणार आहोत. कठडा कमकुवत असल्याचं तुम्हाला आधी माहीत नव्हतं, हेही. नव्हतं ना?”

डेल्मरनं नजर टेबलावर वळवली. वकिलानं कागद जुळवले. “नीट आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. त्यात खोटं काही नाही. आणि एक लक्षात ठेवा. निकाल मर्यादेच्या वर गेला, तर वरची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. म्हणजे घर आलं, जमीन आली.”

परतताना गाडी आर्डिस चालवत होती. गावची पाण्याची टाकी दिसायला लागल्यावर ती म्हणाली, “तुला माहीत होतं का रे?”

“एप्रिलमध्ये हात लावून बघितला होता.”

तिनं गाडी कडेला घेतली. 

“वकील सांगतो ना,” ती म्हणाली, “तर तेवढंच सांग तिथे. कळलं नव्हतं म्हण. कुणाचं वाईट होणारे त्यानं?”

“लेरॉयचं.”

“आणि आपलं? साठीला आलो आपण, डेल. कुठे जायचं?”



जबानी नोव्हेंबरात झाली, तालुक्याच्या गावी, वकिलाच्या ऑफिसातल्या लांब टेबलाशी. एक बाई शब्द न् शब्द टाइप करत होती. लेरॉय चाकाच्या खुर्चीत, अंगावर रविवारचा चर्चचा शर्ट. मान खूप बारीक झाली होती. डेल्मर आत आला तेव्हा त्यानं भुवया उडवल्या, लहानपणी वर्गात उडवायचा तशा. बोलायची दोघांनाही मनाई होती.

लेरॉयच्या वकीलबाईंनी घर कधी बांधलं, सज्जा कुणी केला, असं साधं साधं विचारलं. मग म्हणाल्या, “चार जुलैआधी कठडा सैल असल्याचं तुम्हाला माहीत होतं का?”

कंपनीच्या वकिलानं पेन खाली ठेवलं.

“हो,” डेल्मर म्हणाला. “एप्रिलपासून.”

“काय माहीत होतं?”

“डाव्या बाजूचा खांब. बर्फ वितळल्यावर बघितला. बुडाशी कुजला होता. बोट घातलं तर भुसा हातात आला.”

“मग दुरुस्त का केला नाहीत?”

“शाळेत बॉयलर उघडला होता.” तो थांबला. “मग मासे लागायला लागले. तीन रविवार आम्ही तळ्यावर गेलो. मी आणि लेरॉय.”

“कुणाला सांगितलंत? पाहुण्यांना तिथे टेकू नका म्हणालात?”

“नाही. विसरलो नव्हतो. वाटलं, एवढा उन्हाळा काढेल.”

टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. डेल्मरनं समोर पाहिलं. लेरॉयच्या भुवया आता खाली आल्या होत्या. त्याच्या वकीलबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला, तरी तो बोललाच. आवाजात राग नव्हता.

“बोटीत मला सांगायचंस ना, डेल. मी खांब घेऊन आलो असतो. अर्ध्या तासाचं काम होतं.”

“ही नोंद करू नका,” कुणीतरी म्हणालं.

ख्रिसमसच्या आधी कंपनीनं तडजोड केली. रक्कम छत्रीच्या आत बसली. घराला, झाडीला, पेन्शनला धक्का लागला नाही. कागद आला तेव्हा आर्डिस खुर्चीत बसून रडली, आणि मग उठून भांडी घासायला लागली. काबटांनी जिने नसलेलं एकमजली घर घेतलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बोलण्यावरची बंदी उठली होती. डेल्मरनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बेव्ह बोलली. लेरॉय झोपलाय, म्हणाली. दुसऱ्यांदा तर सकाळचे दहा वाजले होते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी डेल्मर पेट्रोलपंपाच्या दुकानातून दूध घेऊन निघत होता. बाहेर नवी कोरी व्हॅन येऊन थांबली. बाजूचं दार सरकलं, लोखंडी फळी हळूहळू जमिनीला टेकली आणि लेरॉय खाली आला. बेव्ह पेट्रोल भरायला गेली. तो एकटाच बर्फातून चाकं रेटत दाराकडे आला.

डेल्मरनं दार उघडून धरलं. अंग भिंतीशी चोरलं, जागा केली.

उंबऱ्यापाशी चाक अडलं, निघालं. लेरॉय त्याच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या कोटाला येणारा औषधाचा वास डेल्मरला आला.

“थँक यू,” लेरॉय म्हणाला. दार धरणाऱ्या कुठल्याही माणसाला म्हणतात, तसं.

तो आतल्या रांगांत दिसेनासा झाला. गल्ल्यावरची पोरगी ओरडली, “अहो काका, दार लावा ना, गारठा आत येतोय!” डेल्मरनं ऐकलं. तरी तो दार धरून तसाच उभा राहिला, कारण लेरॉयला बाहेरही यायचं होतं.