मी तळातून उघडतो

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि बाकी काही कळण्याआधी तुम्हाला माझी एक खोड कळायला हवी. मी तळातून उघडतो. इतर शहाणे कॅमेरे पाठीकडून दारासारखे सताड उघडतात. माझी पाठ बंद. फिल्म भरायची तर मला उलटा धरायचा, तळाचा पत्रा काढायचा, फिल्मचं टोक कात्रीने निमुळतं कापायचं आणि अरुंद फटीतून आत सरकवायचं. टोक नीट कापलं नाही तर मी अडून बसतो. या खोडीवरून मी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत. ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. पाठीला काळं कातडं, पोटात क्षणभरच उजेड आत सोडणारा कापडाचा पडदा आणि तोंडावर आट्यांची लेन्स, बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. एका खलाशाच्या पिशवीतून मी मुंबईच्या बंदरात उतरलो आणि दोन हात बदलून ठाण्याच्या कोपरीत पोपटरावांकडे आलो. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. साताऱ्याकडून नुकतेच आलेले, अंगावर एकुलता एक इस्त्रीचा शर्ट, आणि लग्नाचे फोटो काढून नाव कमवायची हौस दांडगी.

नाव त्यांनी कमावलं, खोटं कशाला बोलू! कोपरी, माजिवडा, बाळकुम, जिथे मांडव पडेल तिथे आमची जोडी हजर. फिल्म भरताना मी अडलो की ते मला शिव्या देत. "सरळ कसा तो उघडायचा नाही हा!" पण फोटो हातात आले की तेच मला रुमालाने पुसून लोकांना दाखवत. घराघरांतल्या भिंतींवर माझ्या डोळ्याने पाहिलेले नवरानवरी हसत होते. त्या दिवसांत मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

बाळकुमच्या आगरी लग्नांत एक बाई नेहमी दिसत. शालूबाई. सकाळी मिठागरात मीठ ओढायचं आणि लग्न असलं की मांडवात बसून धवले गायचे, हे त्यांचं आयुष्य. धवले म्हणजे लग्नाच्या प्रत्येक विधीला गायची गाणी, आणि ती गाणारी ती धवलारीण. तिचा सूर लागल्याशिवाय तिथे हळद लागत नसे. शालूबाई नवरीच्या अगदी जवळ बसत आणि म्हणूनच फोटोच्या मध्ये येत. मग पोपटराव मान न वळवता म्हणत, "वहिनी, जरा बाजूला सरका." त्या गाणं न थांबवता सरकत. मीही खुट् करून मोकळा होई. त्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांपैकी एकालाही कधी वाटलं नाही.

पुढे रंगीत जमाना आला, नवे कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो. तीस-पस्तीस वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या वासात काढली. लेन्सच्या काचेला बुरशी चढली, पडदा आखडला. कपाट उघडलं की वाटे, आता आपला नंबर; पण हात शालीकडे जाई. काम नसलेल्याला कोण विचारतो?

मला बाहेर काढलं ते पोपटरावांच्या सुनेने, संचिताने. ती डोंबिवलीची, नोकरी करणारी, आणि जुन्या वस्तू दिसल्या की हात शिवशिवणारी. डोंबिवलीच्याच एका वाकबगार कारागिराकडून तिने माझी काच साफ करून घेतली आणि पडद्याचं कापड बदलून घेतलं. पहिला रोल तिने मोठ्या उत्साहाने काढला. तो सगळा कोरा निघाला! माझी पाहण्याची खिडकी लेन्सपासून वेगळी आहे. लेन्सवर टोपण असलं तरी खिडकीतून सगळं झकास दिसतं. बाईसाहेबांनी छत्तीसच्या छत्तीस फोटो टोपण न काढता घेतले होते. पोपटराव पोट धरून हसले, मग म्हणाले, "फोटो काढायला गेलो त्या पहिल्या लग्नात मी हेच केलेलं. मुलीच्या बापाने मला मांडवाच्या खांबाला बांधायचं तेवढं बाकी ठेवलेलं."

त्यानंतर दर रविवारी सासरे-सून मला घेऊन भटकू लागले. माझ्या खिडकीतल्या पिवळसर ठिपक्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवत गेलं की त्या एकमेकींत मिसळतात, आणि तेव्हाच बोट दाबायचं. पहिल्यांदा त्या मिसळल्या तेव्हा संचिता ओरडली, "बाबा, जुळलं!" ऐंशीच्या घरातल्या पोपटरावांचे हात थरथरत, म्हणून डोळा तिचा आणि अक्कल त्यांची, अशी वाटणी झाली. मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटत होतं.

अशा एका रविवारी शालूबाई घरी आल्या. केस पांढरेशुभ्र, गुडघ्याला पट्टा. बाळकुमच्या बायकांनी त्यांचा सत्कार ठरवला होता आणि सभागृहात लावायला त्यांचा गातानाचा फोटो हवा होता.

"पोपटभाऊ, तू इतक्या लग्नांना व्हतास. माजा गातानाचा येक तरी फोटू आसंल ना?"

"असणारच की!" पोपटराव म्हणाले आणि जुन्या निगेटिव्हचे डबे काढून बसले.

दुपार सरली तरी फोटो सापडेना. एकात बांगड्या भरलेलं कोपर होतं. एकात लुगड्याचा काठ. एकात नुसती सावली. पन्नास वर्षं गाणारी बाई आमच्या एकाही फोटोत नव्हती. पोपटरावांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं. शेवटची पट्टी खाली ठेवून ते म्हणाले, "मीच सरकवलं तुम्हाला, वहिनी. प्रत्येक वेळी." मला वाटलं, कपाटातच बरा होतो.

संचिताने घाईघाईने मोबाइल काढला. शालूबाईंनी हात आडवा केला.

"मोबाइलचा नको मना. ज्या डब्यासाठी मना बाजूला सारलंत, त्याच डब्यानं कारा फोटू. आन खोटी गायला बसवू नका. माज्या पुतन्याची पोर नयन हाय, तिच्या लग्नात शेवटचे धवले गानार. मंग गला बंद."

म्हणजे एकच दिवस आणि एकच संधी. पुढचे पंधरा दिवस पोपटराव रोज माझी लेन्स पुसत होते आणि दर तासाला संचिताला टोपणाची आठवण करून देत होते.

मांडव बाळकुमच्या दोन टोलेजंग इमारतींमधल्या मोकळ्या जागेत पडला होता. सकाळी शालूबाई नवरीशेजारी बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून सूर लावला. बाकी पोरं डीजेची वाट बघत मोबाइलमध्ये मान घालून होती. संचिता गुडघ्यांवर बसली. ठिपक्यात दोन शालूबाई दिसल्या, हळूच एक झाल्या. खुट्. या वेळी त्यांना कोणीही सरकवलं नाही. वीसेक फोटो झाले आणि गाणं संपलं.

संचिताला बायकांनी हळद लावायला ओढून नेलं. जाताना तिने मला पोपटरावांच्या हाती दिलं, आणि इथेच घात झाला. रोल संपला की तो उलटा गुंडाळून डबीत न्यायचा आणि मगच तळ उघडायचा, हा माझा पहिला नियम. तो पोपटरावांनीच संचिताला शिकवलेला. पण म्हातारे हात जुन्या सवयीने चालतात. गाणं संपलं म्हणजे रोल संपला आणि गुंडाळूनही झाला, या तंद्रीत त्यांनी भर उजेडात माझा तळ उघडला.

आत फिल्म तशीच होती. त्यांनी तळ धाडकन बंद केला. पण उजेड आत शिरला होता, मला तो जाणवला. पोपटराव मला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मला बोलता आलं असतं तर मी त्यांना धीर दिला असता का? नसता दिला, कारण मलाच धीर उरला नव्हता.

दोन दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संचिताने मोरीत फिल्म धुवायची तयारी केली, तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले.

"पोरी, मी रोल न गुंडाळता कॅमेरा उघडला गं. मांडवात. सगळं गेलं असणार."

संचिताने रसायनाची बाटली उचलली. "धुऊन तर बघू, बाबा."

फिल्म बाहेर आली. तिने ती खिडकीसमोर धरली आणि एकेक चौकट बघत गेली. पोपटरावांनी डोळेच मिटून घेतले होते.

"बाबा, आहेत! अहो, सगळ्या आहेत शालूमावशी! नुसता एक काठ करपलाय. हा पाठीतून उघडणारा असता ना, तर काही उरलं नसतं. तळ उघडला म्हणून उजेड कडेलाच थांबला."

पोपटराव मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडले, आणि रडता रडता हसले. मग त्यांनी मला उचलून कपाळाला लावलं. ज्या खोडीपायी जन्मभर शिव्या खाल्ल्या, तिने त्यांची लाज राखली होती. माझ्या अंगातला सगळा ताण सुटला. इतकं हलकं मला नवा असतानाही वाटलं नसेल.

मोठा फोटो कागदावर काढून आम्ही बाळकुमला गेलो. शालूबाईंनी तो मांडीवर घेतला आणि स्वतःच्या मिटल्या डोळ्यांवरून, उघड्या तोंडावरून बोट फिरवलं. माझ्या पोटात चित्र उलटं पडतं, त्यामुळे तळातून शिरलेला उजेड त्यांच्या डोक्याच्या वर पांढरा पसरला होता.

"आन ह्यो वरती उजेड कसला?"

"ती माझी चूक आहे, वहिनी."

शालूबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. "ऱ्हाऊं दे. पन्नास वर्सांत तुजी येवरीच चूक बरी झाली."

मग त्यांनी पोपटरावांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. संचिताने मला डोळ्याला लावलं, ठिपका जुळवला आणि थांबली.

"बाबा, जरा बाजूला सरका. शालूमावशी झाकल्या जातायत."

पोपटराव इतक्या लगबगीने सरकले की चटईवरून खालीच गेले. खुट्.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद कपाटात पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, हवा दाखवा, त्याच्या खोडी सांभाळून घ्या. आणि फोटोसाठी कोणाला बाजूला सरकवण्याआधी, ती व्यक्ती तिथे कशासाठी बसली आहे ते एकदा पाहा. तेवढं टोपणही काढा.