राक्षसाचा उजवा पाय

ओनोसाईमामाच्या पायावरचं गोंदण राक्षसाच्या पायावर चढलंय, हे तिलेसाला सोमवारी सकाळी वर्गात कळलं. पडद्यावर चिखलातून उठणारा, पोरं खाणारा तो बटबटीत प्राणी, आणि त्याच्या उजव्या मांडीवर मामाच्या त्या बारीक, काळ्या रेघा. तिच्या डोक्यात सणक गेली.

वेलिंग्टनच्या त्या फिल्मशाळेतलं तिचं हे पहिलंच वर्ष. तिचं काम जोडणीचं. कॅमेऱ्याने टिपलेली टेकडी, संगणकावर घडवलेला प्राणी, कुठला तरी धूर, कुठला तरी पाऊस, हे सगळं एका चित्रात असं बसवायचं की ते मुळातच एकत्र होतं असं वाटावं. शिक्षिका जोसलिन यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुमचं काम लोकांना दिसलं, की तुम्ही नापास."

"हे मामाचं गोंदण आहे," ती कॅलमला म्हणाली. कॅलम वर्गाच्या सिनेमाचा दिग्दर्शक.

"हो ना. भारी दिसतंय की नाही?"

"तू योद्ध्यासाठी म्हणून फोटो काढले होतेस."

"योद्धा उडवला गं. गोष्ट बदलली. राक्षसाला काहीतरी भीतीदायक हवं होतं."

"आणि डावा पाय कोरा का?"

"दोन्हीकडे फार गिचमिड होत होती. उजव्यावरही अर्ध्या मांडीपर्यंतच ठेवलंय. डिझाइन म्हणतात त्याला."

डिझाइन. मामाचं पेआ, म्हणजे सामोअन पुरुषांचं पारंपरिक गोंदण, कंबरेपासून दोन्ही गुडघ्यांपर्यंत आहे. अकरा दिवस तो चटईवर पडून राहिला होता, आणि तिलेसाची आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन गात होती. सामोआच्या माणसाच्या अंगावर अर्धंच पेआ असलं, तर त्याचा अर्थ एकच. तो सुयांना भिऊन मधेच पळाला. ती लाज त्याच्या एकट्याची राहत नाही, अख्ख्या घराण्याला चिकटते. कॅलमने मामाला एका फटक्यात राक्षसही केलं होतं आणि पळपुटाही.

आणि कॅलमला मामाच्या घरी नेलं कुणी? तिनेच. जुलैतल्या एका रविवारी मामा त्याच्या फोटोंसाठी दोन तास स्टुलावर हलला नव्हता. मामीने ताट भरभरून नारळाच्या दुधातलं पालुसामी वाढलं होतं, आणि या बाबाने तीनदा मागून घेतलं होतं. तेव्हापासून मामा चर्चमध्ये सांगत सुटला होता, "माझे पाय सिनेमात येणार." सिनेमाच्या शनिवारच्या खेळाला अख्खं गायनमंडळ येणार होतं.

ती जोसलिनकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "मला वाईट वाटतंय, तिलेसा. पण निर्णय दिग्दर्शकाचा. जोडणाऱ्याने आराखडा बदलायचा नसतो. हा तुझ्या परीक्षेचा शॉट आहे. यात काही केलंस तर सत्र पुन्हा करावं लागेल."

मग तिने मान खाली घालून कॅलमची विनवणी केली. त्याने कानातले इअरफोन काढलेसुद्धा नाहीत. "चर्चमधल्या म्हाताऱ्यांसाठी मी सिनेमा काढत नाही. कुणाचा पाय आहे ते कोण ओळखतंय? तू फक्त चिकटव."

फक्त चिकटव. ठीक आहे, तिने मनात म्हटलं, चिकटवते. अशी चिकटवते की जन्मात निघणार नाही.

मार्च महिन्यात कातडी टिपण्याच्या सरावासाठी सगळ्यांनी एकमेकांच्या हातापायांचे फोटो काढले होते. कॅलमचा उजवा पाय तिच्या वाट्याला आला होता. हा गडी दक्षिणेचा बोचरा वारा सुटला तरी रग्बीची तोकडी चड्डी घालून हिंडायचा, कारण मांडीवर गोंदलेला ड्रॅगन दाखवायचा असे. ड्रॅगन कसला! डोकं, मान, एका पंखाची रेघ, आणि पुढे कोरी गोरी मांडी. जगाला तो सांगे की चित्रकाराने मुद्दाम मोकळी जागा ठेवली आहे. तेव्हा मैत्री होती, म्हणून तिला खरं सांगितलं होतं: "पाऊण तासात उठलो बाई. सहनच होईना."

संगणकात घडवलेल्या प्राण्याबरोबर एक नकाशा येतो. कातडीचा कुठला ठिपका पडद्यावर कुठे आहे, ते त्यात असतं. तो हाताशी असला की जोडणाऱ्याला त्या कातडीवर हवं ते चित्र पांघरता येतं. तिलेसाने मामाचं गोंदण पुसलं आणि तिथे कॅलमचा ड्रॅगन पांघरला.

इतकं मन लावून तिने वर्षभरात काम केलं नव्हतं. गचाळ जोडलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरगी शिकाऊ आहे, चुकली. म्हणून तिने चिखल त्या रेघांवरून ओघळवला. पायाच्या सावलीतला काळा आणि ड्रॅगनचा काळा एक केला. पंख जिथे तुटतो तिथे ओली चमक ठेवली, म्हणजे नजर नेमकी तिथेच जाईल. सत्र जाईल हे ती क्षणभरही विसरली नव्हती. जाऊ दे गेलं तर. शुक्रवारी दुपारी तिने नवी फाइल जुन्याच नावाने ठेवली. संकलनात ती आपोआप जाऊन बसली. कॅलमने सिनेमाची लांबी तेवढी पाहिली आणि अंगठा दाखवला.

शनिवारी दुपारी मामा पांढरा सदरा घालून आणि ठेवणीतली लुंगीसारखी लावालावा नेसून दुसऱ्या रांगेत बसला. मागे गायनमंडळ. कॅलम पुढे उभा, वर कोट, खाली तीच तोकडी चड्डी, कारण तीच त्याची ऐट.

राक्षस उठला. पाऊल टाकलं. पडदाभर मांडी आली, आणि तिच्यावर डोकं, मान, एक पंख, आणि पुढे काही नाही.

आधी वर्गातली पोरं फिसकन हसली. रोज डोळ्यांसमोर असलेला पाय कोण ओळखणार नाही? मग मागून एक म्हातारी सामोअन भाषेत म्हणाली, "अगंबाई, हा तर सुयांना भिऊन पळालेला दिसतोय," आणि गायनमंडळाच्या तिन्ही रांगा पोट धरून हसल्या. राक्षस पोरं खात होता आणि माणसं डोळे पुसत होती. कॅलमने हाताने मांडी झाकायचा प्रयत्न केला. एवढ्या पायाला एक हात पुरेना.

दिवे लागले तेव्हा जोसलिन तिच्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "सत्र पुन्हा करावं लागेल."

"माहीत आहे."

"गुडघ्याजवळची जोडाची कड मला शोधूनही सापडली नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मामा जवळ आला. "माझे पाय कुठे होते गं?"

"काढले, मामा. तो सिनेमा तुझ्या पायांच्या लायकीचा नव्हता."

मामाचा चेहरा पडला. सगळ्या चर्चला सांगितलं होतं त्याने. खरं सांगितलं तर त्याला दुप्पट लागणार होतं. एवढं एकच तिला आत टोचलं.

तेवढ्यात मामाला कॅलम दिसला. भिंतीला मांडी चिकटवून उभा होता. मामाने त्याची मांडी पाहिली, मग विझलेल्या पडद्याकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज दबका ठेवणं मामाला कधी जमलंच नाही.

"लाज वाटून घेऊ नकोस, पोरा. अर्धं राहिलेलं पुरं करता येतं. गोंदणारा माझ्या ओळखीचा आहे. तू रडलास तरी चालेल, मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसेन."

"आम्ही गाऊ," गायनमंडळातली म्हातारी म्हणाली, अगदी मनापासून.

कॅलमने मामाच्या खांद्यावरून तिलेसाकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"मामा," ती म्हणाली, "त्याला पुढच्या रविवारी जेवायला बोलाव. गोंदणाची तारीख तेव्हाच ठरवू."