पांढऱ्या फ्लॉक्सचा ठोंब

हेस्टर प्यू सकाळपासून फाटकापर्यंत जात होती आणि परत फिरत होती. केटली उकळून उकळून आटली, तरी तिला पत्ता नव्हता.

तिच्या आईने लावलेला पांढरा फ्लॉक्स गेला होता. दर हिवाळ्यात मातीआड होऊन उन्हाळ्यात परत येणारं, बर्फाला दाद न देणारं फुलझाड. पण यंदा कीड लागली, शेंडे पिळवटले आणि सगळं उपटून जाळावं लागलं. आईची तेवढीच एक खूण उरली होती. त्याच्याविना हेस्टरला बाग बघवेना.

तोच फ्लॉक्स आता गावात एकाच जागी होता, शेजारच्या ऑड्री फेनिकच्या कुंपणाशी. तिथल्या आधीच्या भाडेकरणीला तो आईनेच दिलेला. आणि ऑड्रीशी हेस्टरने चार वर्षं अबोला धरला होता. का, तर बर्मिंगहॅमहून आलेल्या या बाईने ऐन सोमवारी, गावभर धुणं वाळत असताना पालापाचोळा पेटवून हेस्टरच्या चादरी काळ्या केल्या होत्या.

दुपारी शेवटी ती गेलीच.

"मिसेस प्यू? आज वाट चुकलात वाटतं," दार उघडत ऑड्री म्हणाली.

"तुमच्या पांढऱ्या फ्लॉक्समधला तुकडा हवा होता. आमचा मेला."

"चार वर्षं तोंड फिरवून गेलात, आणि आता तुकडा?" ऑड्री पुटपुटली, पण पुटपुटतच बागेत गेली आणि चांगला अर्धा ठोंब फोडून, गोणपाटात बांधून तिने हेस्टरच्या हातात दिला.

हेस्टरला भरून आलं, पण तोंड उघडेना. दिलेल्या रोपाचे आभार या गावात मानत नाहीत. मानले तर रोप जगत नाही. ऑड्री बिचारी काय जाणे. ती जरा वेळ वाट बघत उभी राहिली, मग तिचा चेहरा पडला. "असू दे," म्हणत ती आत वळली.

घरी येऊन हेस्टरने नव्या कोपऱ्यात खड्डा खणला, रोप लावलं, माती दाबली. पण जिवाला चैन पडेना. मातीच्या हातांनीच तिने पुन्हा शेजारचं दार वाजवलं.

"आभारी आहे," ती म्हणाली. "असं म्हटलं की रोप मरतं म्हणतात आमच्याकडे. म्हणून मघाशी गप्प बसले."

ऑड्रीने तिच्या मातीच्या हातांकडे पाहिलं. "मग आता का म्हणालात?"

"मेलं तर पुन्हा मागायला येईन."

"अर्धा अजून जमिनीत आहे," ऑड्री म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.