तळाची मूठ

"मिरची हाय का कावीळ झालेलं पोर? दिव्याखाली निजवलंय ते!"

मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहून भागिरथीबाईंनी नाकाला पदर लावला. खोलीभर जांभळा उजेड होता. जिथं एके काळी त्यांच्या धान्याच्या कोठ्या होत्या, तिथं आता लोखंडी मांडणीवर पस्तीस कुंड्या, वर दिव्यांच्या पट्ट्या आणि कोपऱ्यात रोपांना वारा घालणारा टेबलफॅन. एप्रिलच्या उकाड्यात माणसांच्या अंगाला धारा लागलेल्या, आणि मिरच्यांना पंखा! त्यांचा अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा, कल्याण, चित्रकलेचा बारका ब्रश घेऊन एकेका फुलाला गुदगुल्या करत होता.

"परागीकरण करतोय, आई. खोलीत मधमाशी नाही, फुलपाखरू नाही. हातानंच करावं लागतं."

"मंग अक्षता आन की. मंगलाष्टकाला भटजी बोलाव."

कल्याण हसला. तो नेहमीच हसायचा, आणि भागिरथीबाईंना राग यायचा तो त्याचाच. एमआयडीसीतली त्याची कंपनी दुसऱ्या राज्यात निघून गेली, तेव्हाही बावीस वर्षं नेलेला जेवणाचा डबा हातात घेऊन तो असाच हसत घरी आला होता. सून पंकजा शाळेत शिकवत होती, म्हणून घर चाललं. वर्षभर हा मोबाईलवर परदेशातल्या लोकांच्या मिरच्या बघत बसला आणि एक दिवस त्यानं पोस्टानं बी मागवलं. बी, पोस्टानं! भागिरथीबाईंच्या माहेरी, पारनेरकडच्या गावात, मिरचीचं बी या ओट्यावरून त्या ओट्यावर जायचं. त्यांची आई दुसऱ्या तोड्यातल्या ठसठशीत मिरच्या बियाण्याला राखायची, बी चुलीच्या राखेत चोळून वाळक्या भोपळ्यात भरायची. त्या मिरचीचा ठेचा वाटायला घेतला की वाटेनं जाणारा माणूस थांबून म्हणायचा, "काकू, माझीबी एक भाकरी टाका."

आणि ह्याच्या मिरच्यांचं व्हायचं काय? मिठाच्या पाण्यात बुडवून तीन आठवडे काचेच्या बरणीत ठेवायच्या. बुडबुडे आले की बाळाला दात आल्यासारखं बायकोला बोलावून दाखवायचं. मग लसूण, गाजर आणि व्हिनेगर घालून मिक्सरमधून काढायच्या, गाळायच्या आणि खोकल्याच्या औषधासारख्या बाटल्यांत भरायच्या. ह्याला म्हणे सॉस.

"एक चमचा चाख ना," कल्याणनं बाटली पुढं केली. "सातव्यांदा केलाय. काहीतरी कमी पडतंय, पण काय ते मला सापडत नाही. ते सांगणारं नगरमध्ये एकच नाक आहे."

"असलं सडकं मी तोंडात घालनार न्हाई!"

त्या इतक्या झटक्यानं वळल्या, की हातातल्या बांगड्या दाराच्या चौकटीवर आपटल्या.

नगरमध्ये असलेलं ते एकच नाक दोन वर्षांपूर्वी मेलं होतं. आणि हे भागिरथीबाईंशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

माळीवाड्यातल्या त्या घराखाली त्यांचा कांडपाचा डंक होता. नवरा गेल्यावर अडतीस वर्षं त्यांनी एकटीनं मिरची आणि मसाला कांडून दिला. आता यंत्र अंगद नावाचा भाडेकरू चालवायचा, पण मार्च ते मे डंकासमोरच्या लाकडी पाटावर भागिरथीबाईच बसत. लोक अंगदकडं येत नसत, त्यांच्याकडं येत. बाई आपली पिशवी पुढं ठेवी. भागिरथीबाई कोपरापर्यंत हात खुपसून तळाची मूठ वर काढत, तळव्यावर चोळत आणि नाकाशी नेत. "वरची मिरची दुकानदार दाखवतो, तळाची आपल्याला खायला लागती," असं त्यांचं म्हणणं. दगडफूल जुनं आहे, धने पावसात सापडलेत, खोबरं खवट निघणार, सगळं त्या डोळे मिटून सांगत. वेगळ्या राहणाऱ्या दोन जावांचे मसाले त्यांनी नुसत्या वासावर ओळखले होते, आणि कुणी कुणाचा चोरलाय तेही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात साधं पडसं झालं. आठ दिवसांनी पडसं गेलं ते वास घेऊन गेलं. स्वयंपाकघरात त्यांच्या पुढ्यात दूध करपलं, शेजारीण धावत आली, तेव्हा त्यांना कळलं. "आटवत हुते मुद्दाम," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांना खारट, आंबट, गोड एवढंच कळे. बाकी सगळं जेवण ओल्या पुठ्ठ्यासारखं. पंकजाच्या आमटीत दम नाही, हल्लीच्या कोथिंबिरीत जीव नाही, हल्लीची माणसं जेवत नाहीत, पोटं भरतात, असं त्या येताजाता बोलत. नावं ठेवणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, की बाई, तुला तरी कळतं का? डंकावर मिरचीचा खकाणा उडाला की त्यांनाही इतरांसारखा ठसका लागे, शिंका येत. त्यामुळं तिथंही निभावलं. अंदाज, डोळे आणि अडतीस वर्षांची जरब यांवर दोन उन्हाळे निघाले. हा तिसरा. हा निघाला नाही, तर पाटावर नुसती एक म्हातारी उरणार होती, आणि म्हाताऱ्या माळीवाड्यात गल्लोगल्ली होत्या.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला साळूबाई रिक्षातून उतरली. भिंगारची जुनी गिऱ्हाईक. पाच किलो मिरचीचं पोतं तिनं पाटासमोर आपटलं.

"घ्या. पोरींचा, भाच्यांचा, समद्यांचा वर्साचा मसाला हाय. तुमी वास घेतल्याबिगर कढईत टाकनार न्हाई मी."

"कुठनं उचललीस?"

"बाजारातनंच. लई ग्वाड बोलत हुता दुकानदार."

"ग्वाड बोलनाऱ्याकडनं गूळ घ्यावा, साळूबाई, मिरची न्हाई."

शेजारी थांबलेल्या दोघी बायका खुसखुसल्या. भागिरथीबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं. पूर्वी हात आपोआप तळाला जायचा. आता त्या वरचीच मूठ घेत, कारण तळाची काढून उपयोग काय? त्यांनी एक मिरची मोडली. आतून लालभडक, बी पिवळं. मूठ चोळून नाकाशी नेली, डोळे मिटले. भिंतीला नाक लावावं तसं झालं. आधी नाकाला झोंबलं, आणि मागून काहीच आलं नाही.

"झकास," त्या म्हणाल्या. "टाक कढईत."

कल्याण तेवढ्यात बाटल्यांचं खोकं घेऊन जिना उतरत होता. पोत्याजवळून जाताना तो थबकला. वर्षभर बरण्यांची झाकणं उघडून तो एकच गोष्ट शिकला होता: चांगलं आंबलेलं कोणतं आणि बुरसलेलं कोणतं. त्यानं पोत्याकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं.

भागिरथीबाईंना वास आला नाही, पण मुलाचा चेहरा वाचता आला. त्याच्या डोळ्यांसमोरून दोन वर्षांची आमटी, कोथिंबीर, करपलेलं दूध आणि सकाळचा चमचा, सगळं सरकत गेलेलं त्यांनी बघितलं. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. डंकाच्या दारात मिरची भाजायची कढई तापली होती आणि साळूबाईची पहिली ओंजळ तिच्यावर होती.

"मावशी, थांबा," कल्याण म्हणाला. "आई, हरलो म्हणू का सांगू?"

भागिरथीबाई पाटावर सरसावून बसल्या. "काय ते?"

"परीक्षा घेतीये ती माझी," तो बायकांकडं वळला. "सकाळीच म्हणाली, दिव्याखाली मिरच्या वाढवून नाक येत नसतं. मी मुद्दाम चुकीचं सांगेन, पकडून दाखव." त्यानं खोकं खाली ठेवलं, बाही सारली आणि कोपरापर्यंत हात पोत्यात खुपसला. तळाची मूठ वर आली ती एकमेकींना चिकटलेली, देठाशी करडी पडलेली. "तळाला पाणी मारलंय, मावशी. निम्मी बुरसलीये."

"आगं माज्या बया!" साळूबाईनं ओंजळ टाकून दिली. "आन् मी भाजाय निघाले हुते! भागिरथीबाई, लेकाची परीक्षा घ्यायला माजीच मिरची घावली व्हय?"

सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. भागिरथीबाईंनी पदर सारखा केला. आयुष्यभर याच जिभेनं त्यांनी लोकांना सोलून काढलं होतं. अडतीस वर्षांची सवय होती. उपयोगी पडली.

"एवढा येळ?" त्या कडाडल्या. "शेंबडं पोरबी जिन्यावरनं सांगल! वर्स झालं मिरच्या कुरवाळतोयस, आन् पोत्यापाशी येऊन थबकला टोणग्यावानी."

"चुकलो," कल्याण म्हणाला.

"नाक उतरलंय हां लेकात," साळूबाई कौतुकानं म्हणाली. "घे रं बाबा, आता तूच सांग, वरची तरी चालंल का?" आणि मिरचीची मूठ तिनं त्याच्यापुढं धरली. भागिरथीबाईंच्या अगदी समोरून, त्यांचा हात अर्धा उचललेला असताना.

संध्याकाळी पंकजानं पिठलं-भाकरी केली. कल्याणनं आईच्या ताटाशेजारी बाटली ठेवली आणि आपल्या जेवणाकडं वळला. भागिरथीबाईंनी बाटलीकडं शेजारणीच्या मांजराकडं बघावं तसं बघितलं. मग झाकण काढून भाकरीवर लाल धार सोडली.

पहिल्या घासाला काही नाही. मग आग जिभेच्या टोकाला लागली, कडांनी मागं सरकली, टाळ्याला भिडली आणि कानांपर्यंत गेली. दोन वर्षांत तोंडात घडलेली ती पहिली गोष्ट होती. त्या राखेतल्या बियांची चव नव्हती त्यात, आईच्या ठेच्याचा घमघमाट नव्हता. नुसता जाळ होता. पण पुठ्ठा नव्हता. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. नाक आणि डोळे वाहायला लागले.

"पाणी देऊ का, आई?" पंकजानं विचारलं.

"कशाला? ह्ये काय तिखट हाय?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. कल्याण मान वर न करता ऐकत होता. "मीठ कमी पडलंय. कंपनीत बावीस वर्सं घालवली, आन् मिठाचं माप येत न्हाई."

कल्याणनं हळूच मान हलवली. त्याला हवं होतं ते सापडलं होतं, पण तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी साळूबाई दुकानदाराशी भांडून नवी मिरची घेऊन आली. डंकावर सात-आठ बायका होत्या. भागिरथीबाईंनी पाटाच्या शेजारी एक गोणपाट झटकून दुहेरी घातलं.

"कल्याण! मिरच्यांची आंघोळ झाली असंल तर ये खाली."

तो आला.

"बस हितं. आधी नाक शिंकरून ये. घरचे दिवे हितं न्हाईत, उजेडात बघायला लागतं."

साळूबाईनं सवयीनं पोतं त्यांच्यापुढं सरकवलं. भागिरथीबाईंनी बाही वर केली, हात थेट तळापर्यंत घातला आणि मूठ वर काढली. तळव्यावर चोळली, नाकाच्या दिशेनं नेली. अर्ध्या वाटेवर हात थांबला. मग त्यांनी तो गोणपाटाकडं वळवला आणि मुलाच्या नाकाखाली मूठ उघडली.

तो वास घेत होता तोवर त्यांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं होतं, खकाणा नाकात जाऊ नये म्हणून बायका फिरवतात तसं.

"चांगली आहे," कल्याण म्हणाला.

"नुसती चांगली?" भागिरथीबाई रस्त्याकडं बघतच म्हणाल्या. "झकास म्हन. हितं झकास म्हनायची पद्धत हाय."