कपाटातला हिरवा डबा

मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तिला सगळे ‘पुरावा’ म्हणत. कुणी झाडपाल्याच्या औषधाचं नुसतं नाव काढलं, की हिची तोफ डागलीच, ‘पुरावा कुठाय?’ समोरच्याची बोलती बंद. आणि हीच बाई रोज सकाळी कपाटाचं दार आडोशाला ओढून, आत्याने दिलेली हिरवी पूड कोमट पाण्यातून घ्यायची. पोटाला बरं वाटायचं, एवढंच. डब्यावर चिठ्ठी होती, कॉफी.

त्या दिवशी वॉर्डात तिच्या तुकडीच्या वाट्याला शिंपीकाका हे पेशंट आले. त्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलेलं. रक्त गोठायला फार वेळ लागत होता आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं. उद्या तिसरी तारीख. तीही हुकली तर आपण सरळ घरी जाणार, असं काकांनी नर्सला ठणकावलं होतं.

‘काका, जडीबुटी वगैरे घेत नाही ना?’ वर्गप्रतिनिधीने हसू दाबत विचारलं.

‘छे छे!’ म्हणताना काकांचा हात उशीकडे गेला.

तो फक्त पुराव्याने पाहिला. कपाटाच्या दाराकडे तिचाही हात अस्साच जायचा. मागे शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम, आजूबाजूला नऊ टवाळ मित्रमैत्रिणी. आता तोंड उघडलं तर वर्षभर धडगत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण काका घरी गेले तर?

‘काका, मी घेते,’ ती म्हणाली. ‘आत्या देते. रोज सकाळी, लपून.’

मागे खसखस पिकली. काकांनी मात्र तिच्याकडे नीट पाहिलं आणि उशीखालून पुडी काढली.

‘गुडघ्यांसाठी. तुम्ही लोक हसता, म्हणून बोललो नाही हो.’

रक्त न गोठण्याचं कारण हेच असू शकतं, म्हणत मॅडमनी पुडी घेणं बंद करायला लावलं. चार दिवसांनी रक्त पुन्हा तपासू, तोवर थांबाल ना, म्हणाल्या. काका थांबायला तयार झाले. मग मॅडम वळल्या.

‘आणि तुझ्या पुडीत काय असतं?’

तीन वर्षांत पुराव्याने ते कधी विचारलंच नव्हतं.

जिन्यात येऊन तिने फोन लावला. ‘आत्या, त्या पुडीत काय काय घालतेस गं?’

‘विचारलंस एकदाचं! पहिल्या डब्यापासून वाट बघतेय. वही घे, सांगते. आणि काही वाईट निघालं तर मला लगेच कळव हं. तू काही बोलत नाहीस म्हणजे चांगलंच असणार, असं समजून मीही रोज घेतेय.’