दोन चमचे पाणी

"कुठलं पाणी हे?" बाबांनी इंजेक्शनची छोटी बाटली उजेडात धरून विचारलं.

"तुम्हाला माहितीय कुठलं."

"धाकट्याने हो म्हटलं?"

मी चपला काढत राहिले. खोटं बोलायला मला जमत नाही आणि खरं बोलायची छाती नव्हती.

आमच्या घरची एक रीत आहे. लेकराचा बाप्तिस्मा झाला की उरलेलं पाणी बाबा घरी आणतात आणि त्याच पाण्यात रंग कालवून चित्र काढतात. चित्र दरवेळी एकच: नदी, पाण्यात उभा प्रभू आणि काठावर आम्ही सगळे. माझ्या पोरांची, चुलत नातवंडांची, अशी सहा चित्रं भिंतीवर आहेत. बाबांची हयात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे त्यांच्या नदीचे काठही पट्टीने आखल्यासारखे सरळ. आम्ही हसतो, ते चिडतात.

धाकटा भाऊ मात्र आई गेल्यापासून चर्चची पायरी चढला नव्हता. त्याची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, जेमतेम नऊशे ग्रॅमची, आणि मी नर्स आहे त्याच वॉर्डात काचेच्या पेटीत होती. "ताई, तिच्या अंगावर पाणीबिणी घालायचं नाही," त्याने बजावलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, आता काही तासच. भाऊ वरच्या मजल्यावर बायकोपाशी होता. मरणाच्या दारातल्या लेकराला कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. मी वाटीत पाणी घेतलं, पेटीच्या खिडकीतून हात आत घातला आणि तिला आईचं नाव दिलं. तीन थेंब. उरलेलं दोन चमचे पाणी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं.

ड्यूटी संपताच मी बाबांना न्यायला घरी आले होते. पण बाबा कागद ओला करून बसले.

"बाबा, आधी चला. वेळ नाहीये."

"म्हणूनच म्हणतो, थांब. तिला दाखवायचंय."

आता काय कपाळ फोडणार? निळा रंग ओल्या कागदावर पसरला. मी घड्याळ बघत होते, ते नदी बघत होते. मग माणसं आली. भाऊ मधोमध, हात पुढे केलेले, आणि हातांत लेकराएवढा कोरा ठेवलेला कागद.

"तिथे रंग?"

"पांढरा रंग नसतोच माझ्याकडे. कागद राखून ठेवायचा असतो. मध्ये बोलू नकोस."

तेवढ्यात दार ढकलून भाऊ आत आला. कुणाकडेही न बघता खुर्चीवर बसला.

"गेली," म्हणाला.

बाबांचा हात हवेतच राहिला. मला रडू यायला हवं होतं, पण मी त्याच्याकडेच बघत होते, कारण त्याची नजर चित्रावर गेली होती. भिंतीवरची सहा चित्रं कशी झाली ते त्यालाही ठाऊक होतं.

"पाणी कुठलं?"

बाबा काहीतरी बोलणार, तोच मी म्हटलं, "मी दिला बाप्तिस्मा. आज सकाळी, तुला न विचारता."

तो उठला. त्याने कागदाकडे हात नेला, आणि आता फाडणार अशी माझी खात्री झाली. फाडला असता तरी मी अडवलं नसतं. पण त्याचं बोट मधल्या माणसावर थांबलं.

"हा मी?"

"तूच," बाबा म्हणाले.

"मला घेऊच दिलं नाही कुणी तिला."  तो माझ्याकडे वळला. "पाणी घातलंस तेव्हा काय केलं तिने?"

"रडली."

"रडली? मी बाहेरच्या काचेतूनच बघायचो, ताई. आवाज ऐकलाच नाही तिचा. कशी रडली?"

"बारीक... अगदी बारीक आवाजात."

"म्हणजे कशी?"

शब्दांत सांगता येईना. शेवटी मी, वॉर्डभर जिचा दरारा आहे अशी हेडनर्स, पर्स मांडीवर धरून तो आवाज काढला. एवढासा, नाकातून, मध्येच तुटणारा. बाबांनी ब्रश खाली ठेवला.

"परत," भाऊ म्हणाला.

मी परत काढला.